शहराच्या सबस्टेशनचं कंत्राट कसं दिलं जातं? निविदा, एल-१ आणि विक्रोळीचं उदाहरण

"शहरातल्या सबस्टेशनची क्षमता वाढणार, अमुक कंपनीला इतक्या कोटींचं कंत्राट." अशी बातमी मोबाइलवर दिसते तेव्हा आपल्याला दोनच गोष्टी कळतात: कंपनीचं नाव आणि रक्कम. त्यावरून काम चांगलं होणार की नाही, पैसे जास्त गेले की कमी, यातलं काहीच ठरवता येत नाही. ते ठरवणारी माहिती बातमीच्या कित्येक महिने आधी निघालेल्या निविदेच्या पीडीएफमध्ये असते. ती फाइल आपल्यापैकी बहुतेकांनी कधी उघडलेलीच नसते.

या लेखात आपण बघूया की सबस्टेशन वाढवायचं म्हणजे नक्की काय करतात, कंत्राट कोणत्या पद्धतींनी देतात, ऑनलाइन बोली गुप्त कशी राहते आणि "सगळ्यात कमी दर" म्हणजे नेमका कोणता दर.

थोडक्यात सांगायचं तर

- कंत्राट "सगळ्यात कमी" बोलीला मिळतं. पण कमी म्हणजे काय, हे निविदेत आधीच लिहिलेलं असतं.
- एका पद्धतीत सरकारी कंपनी बांधकामाचे पैसे देते. दुसऱ्या पद्धतीत खासगी कंपनी स्वतः बांधते आणि वर्षानुवर्षं ठरलेला आकार घेते.
- दोन्हीकडे शेवटी पैसे वीजबिलातूनच जातात.
- कंत्राट मिळाल्यावर सबस्टेशन सुरू व्हायला काही वर्षं लागू शकतात. त्यामुळे मागणी वाढण्याच्या बरंच आधी निर्णय व्हावा लागतो.

सबस्टेशन म्हणजे काय?

वीजकेंद्रातून वीज लांब न्यायची असेल तर व्होल्टेज खूप जास्त ठेवतात, कारण व्होल्टेज जास्त असलं की तेवढ्याच विजेसाठी करंट कमी लागतो आणि तारा तापून वाया जाणारी वीज कमी होते. महाराष्ट्रात मोठ्या वाहिन्या ४०० आणि २२० किलोव्होल्टच्या आहेत, काही तर ७६५ किलोव्होल्टच्या. शहरात येताना हे व्होल्टेज टप्प्याटप्प्यानं उतरवतात: ४०० वरून २२०, तिथून १३२, १०० किंवा ३३, मग २२ किंवा ११ किलोव्होल्ट आणि शेवटी घरात २३० व्होल्ट. हे उतरवण्याचं काम जिथे होतं ते सबस्टेशन.

तिथे मुख्य तीन गोष्टी असतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो. सर्किट ब्रेकर बिघाड झाला की तो भाग क्षणार्धात तोडतो. बसबारवर सगळ्या वाहिन्या एकत्र येतात. एका वाहिनीला किंवा एका ट्रान्सफॉर्मरला जोडायला ब्रेकर आणि इतर साहित्याचा जो संच लागतो, त्याला "बे" म्हणतात. निविदेत "२ बे वाढवणे" असं वाचलंत तर दोन नव्या जोडण्यांची सोय, असा अर्थ घ्या.

क्षमता एमव्हीएमध्ये मोजतात. ढोबळमानानं १ एमव्हीए म्हणजे जवळपास १ मेगावॅट भार पेलायची ताकद, असं धरलं तरी लेख समजायला पुरेल.

आता एक महत्त्वाची गोष्ट. सबस्टेशनमध्ये ५०० एमव्हीएचे तीन ट्रान्सफॉर्मर असतील तर एकूण क्षमता १,५०० होते, पण नियोजन करताना १,५०० धरत नाहीत. एक ट्रान्सफॉर्मर अचानक बंद पडला तरी उरलेल्या दोघांनी शहर चालवलं पाहिजे, असा नियम धरतात. याला "एन वजा १" म्हणतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले एक सर्व्हर बंद पडला तरी ॲप चालू राहावं म्हणून जास्तीचा सर्व्हर ठेवतो, तसंच हे. म्हणून "अर्धी क्षमता रिकामी असताना नवीन ट्रान्सफॉर्मर कशाला?" हा प्रश्न दरवेळी बरोबर असतोच असं नाही.

मुंबईचं उदाहरण का घ्यायचं?

सोमवार, १२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई परिसरातली वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. कोविडचा काळ होता, त्यामुळे रुग्णालयं जनरेटरवर गेली आणि घरून काम करणाऱ्यांचं इंटरनेटही बंद पडलं. काही भागांत वीज परत यायला कित्येक तास लागले.

कळवा आणि पडघे या सबस्टेशनशी जोडलेल्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्यामुळे हे झालं. मुंबईला लागणाऱ्या विजेचा मोठा भाग शहराबाहेरून येतो. बाहेरून आत यायचे रस्ते मोजकेच होते. त्यातले काही बंद झाल्यावर उरलेल्यांवर भार आला आणि तेही गेले.

हा धोका आधीपासून माहीत होता. मुंबई शहराच्या आत ४०० किलोव्होल्टचं सबस्टेशन हवं, विक्रोळीत हवं, ही योजना कित्येक वर्षं चर्चेत होती आणि आधीच्या स्वरूपात रखडली होती. मग ती स्पर्धात्मक बोलीसाठी काढली गेली. डिसेंबर २०१९ मध्ये अदानी ट्रान्समिशनला (आताचं नाव अदानी एनर्जी सोल्युशन्स) इरादापत्र मिळालं. २०२० चा ब्लॅकआउट झाला तेव्हा कंत्राट देऊन झालं होतं, सबस्टेशन मात्र उभं नव्हतं. खारघर ते विक्रोळी वाहिनी आणि विक्रोळीचं सबस्टेशन ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालं. क्षमता १,५०० एमव्हीए. बाहेरून आणखी सुमारे १,००० मेगावॅट वीज मुंबईत आणायची सोय झाली.

इरादापत्रापासून वीज वाहेपर्यंत जवळपास चार वर्षं लागली. हा आकडा लक्षात ठेवा. सबस्टेशनच्या निविदेला झालेला उशीर आज दिसत नाही, तो काही वर्षांनी मे महिन्याच्या दुपारी दिसतो.

कंत्राट द्यायच्या दोन पद्धती

पहिली पद्धत: मालक सरकारी कंपनी, बांधणारा ठेकेदार

महाराष्ट्रात हे काम प्रामुख्यानं महापारेषणचं. ६ जून २००५ ला जुन्या राज्य वीज मंडळाचं विभाजन झालं. वीजनिर्मिती महानिर्मितीकडे, मोठ्या वाहिन्या आणि सबस्टेशन महापारेषणकडे, घरापर्यंतचं वितरण महावितरणकडे गेलं आणि त्यांच्यावर एक सूत्रधारी कंपनी आली. महापारेषण एखादं सबस्टेशन वाढवायला निविदा काढते, ठेकेदार डिझाइन, साहित्य आणि उभारणी करून देतो, त्याला पैसे मिळतात आणि तो बाहेर पडतो. सबस्टेशन महापारेषणचंच राहतं. झालेला खर्च महाराष्ट्र वीज नियामक आयोग तपासतो आणि मंजूर झालेला खर्च पुढे दरात येतो.

दुसरी पद्धत: वार्षिक आकारावर बोली

विद्युत कायदा २००३ च्या कलम ६३ नुसार दर स्पर्धात्मक बोलीनं ठरवता येतो. इथे "बांधायला किती घेणार?" असा प्रश्न नसतो. "तुम्ही बांधा, चालवा, सांभाळा, दरवर्षी किती आकार घेणार?" असा असतो. विक्रोळी प्रकल्प या पद्धतीनं दिला गेला आणि त्याची मुदत ३५ वर्षांची आहे. यात आधी फक्त त्या प्रकल्पापुरती एक छोटी कंपनी स्थापन करतात. जो बोली जिंकतो तो ती कंपनी विकत घेतो.

या पद्धतीत सहसा शेवटी ऑनलाइन उलटा लिलाव होतो. नेहमीच्या लिलावात भाव वर चढतो, इथे खाली उतरतो. शेवटच्या काही मिनिटांत कुणी दर कमी केला तर वेळ आपोआप वाढते, म्हणजे शेवटच्या सेकंदाला बोली टाकून बाकीच्यांना गाफील पकडता येत नाही.

फरक जोखमीचा आहे. पहिल्या पद्धतीत बांधकामाचा वाढलेला खर्च आयोगानं मंजूर केला तर तो दरात येऊ शकतो. दुसरीत कंपनीनं बोलीत दिलेला आकडा तिला बांधून ठेवतो. कायदा बदलणं किंवा नैसर्गिक आपत्ती यासारखी कारणं करारात वेगळी दिलेली असतात, तेवढीच सूट. पण त्याचवेळी पुढची ३५ वर्षं आपण त्या आकड्याला बांधले जातो.

निविदेचा प्रवास, टप्प्याटप्प्यानं

१. गरज आणि अंदाजपत्रक. पुढच्या काही वर्षांत त्या भागात मागणी किती वाढेल याचा अभ्यास होतो. किती एमव्हीए, किती बे, कोणत्या प्रकारचं सबस्टेशन हे ठरतं.

२. निविदा प्रसिद्ध होते. कामाची व्याप्ती, तांत्रिक तपशील, पात्रता निकष, मुदत, दंड आणि मूल्यमापनाची पद्धत यात असते. केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांत बोली भरायला साधारणपणे किमान तीन आठवडे द्यावेत असं म्हटलंय. राज्यांचे आणि त्यांच्या कंपन्यांचे नियम वेगळे असू शकतात.

३. निविदापूर्व बैठक. कंपन्या शंका विचारतात. उत्तरं आणि बदल शुद्धिपत्रकातून सगळ्यांसाठी जाहीर होतात.

४. बोली. सोबत बयाणा रक्कम भरावी लागते. जिंकून पळून गेलात तर ती जप्त होऊ शकते. केंद्राच्या नियमांत ती अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के असते.

५. आधी तांत्रिक लिफाफा. कंपनीनं याआधी एवढ्या व्होल्टेजचं काम केलंय का, उलाढाल किती, साहित्य तपशिलाप्रमाणे आहे का, हे बघतात. यात नापास झाला त्याचा दराचा लिफाफा उघडतच नाहीत.

६. मग आर्थिक लिफाफा. पास झालेल्यांचे दर उघडतात. सगळ्यात कमी तो एल-१, पुढचा एल-२.

७. स्वीकृतीपत्र, सुरक्षा अनामत आणि करार. काम सोडून दिलं किंवा नीट केलं नाही तर ही अनामत जप्त करता येते. उशीर झाला तर दंड आणि काम संपल्यावरही ठरावीक काळ दुरुस्तीची जबाबदारी, हे करारात असतं.

ऑनलाइन भरलेला दर आधीच फुटत नाही कशावरून?

महाराष्ट्र शासनाचं महाटेंडर्स पोर्टल एनआयसीनं बनवलेल्या प्रणालीवर चालतं. बोली भरणाऱ्याकडे डिजिटल सही प्रमाणपत्र लागतं, ते बहुतेक वेळा यूएसबी टोकनमध्ये येतं. बोलीची फाइल एनक्रिप्ट होऊन सर्व्हरवर जाते. त्यासाठी वापरलेली पब्लिक की, बोली उघडायला नेमलेल्या अधिकाऱ्यांची असते. उघडायची प्रायव्हेट की त्यांच्या टोकनमध्ये असते आणि एकट्या अधिकाऱ्याला बोली उघडता येत नाही, किमान दोघं लागतात. ठरलेल्या वेळेआधी प्रणाली उघडू देत नाही आणि वेळ सर्व्हरच्या घड्याळावर चालते, तुमच्या फोनच्या नाही.

म्हणजे पूर्वीसारखा सीलबंद लिफाफा वाफेवर उघडून परत चिकटवायची सोय राहिली नाही. पण एक गोष्ट कोणतंही एनक्रिप्शन थांबवू शकत नाही: कंपन्यांनी बाहेर बसून आधीच "यावेळी तू, पुढच्या वेळी मी" असं ठरवणं. त्यासाठी स्पर्धा कायदा २००२ आहे. बोली संगनमतानं भरणं त्यात बेकायदा आहे आणि भारतीय स्पर्धा आयोग त्यासाठी दंड करू शकतो.

"सगळ्यात कमी" म्हणजे नक्की काय?

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. ट्रान्सफॉर्मर विकत घेताना फक्त किंमत बघितली तर फसायला होतं, कारण ट्रान्सफॉर्मर स्वतःही वीज खातो. त्यावर काही भार नसला तरी चालू ठेवल्यावर त्याचा लोखंडी गाभा वीज खात राहतो. याला नो-लोड लॉस म्हणतात आणि तो २४ तास, ३६५ दिवस चालतो. भार आल्यावर तांब्याच्या गुंडाळ्या तापतात, तो लोड लॉस.

एक सोपं गणित करू. आकडे समजण्यासाठी घेतलेत. दोन कंपन्यांचे ट्रान्सफॉर्मर अगदी सारखे आहेत. पहिल्या कंपनीचा ३० लाखांनी स्वस्त, पण नो-लोड लॉस १० किलोवॅट जास्त.

- वर्षाचे तास: ८,७६०
- जादा वाया जाणारी वीज: १० × ८,७६० = ८७,६०० युनिट
- ५ रुपये युनिटनं वर्षाला: ४ लाख ३८ हजार रुपये
- २५ वर्षांत: सुमारे १ कोटी ९ लाख ५० हजार रुपये

कुणी म्हणेल, वीस वर्षांनंतरच्या रुपयाची किंमत आजच्याइतकी नसते. बरोबर. १० टक्के दरानं आजच्या किमतीत आणलं तरी हा तोटा जवळपास ४० लाख होतो. म्हणजे ३० लाख वाचवले आणि ४० लाख घालवले.

म्हणूनच मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या निविदेत "लॉस कॅपिटलायझेशन" असतं. प्रत्येक किलोवॅट लॉससाठी ठरावीक रक्कम बोलीच्या किमतीत मिळवतात आणि मग तुलना करतात. कागदावर जो महाग होता तो एल-१ ठरू शकतो. कंपनीनं बोलीत लॉस कमी दाखवला आणि कारखान्यातल्या चाचणीत जास्त निघाला तर दंड होतो किंवा माल नाकारता येतो. पण हे सगळं निविदेत लिहिलेलं असेल तरच. नसेल, तर स्वस्त आणि वीजखाऊ ट्रान्सफॉर्मर नियमाप्रमाणे जिंकतो आणि कुणाचंही काही चुकलं असं म्हणता येत नाही.

जागेचंही असंच. उघड्यावरचं सबस्टेशन बांधायला स्वस्त, पण त्याला खूप जागा लागते. जीआयएस प्रकारात साहित्य धातूच्या नळ्यांत, एसएफ-६ वायूत बंद असतं. ते महाग, पण जागा कित्येक पटींनी कमी लागते. विक्रोळीत जागेची चणचण असल्यामुळे जीआयएसच घेतलं आणि ४०० आणि २२० किलोव्होल्टचे भाग एकावर एक मजल्यांवर बसवले. जमिनीची किंमत हिशोबात धरली नाही तर जीआयएस उधळपट्टी वाटेल. मुंबईत ती धरली की चित्र उलटं होतं.

केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२१ मध्ये काढलेल्या खरेदीच्या सूचनांत, काही कामांसाठी गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भारांक द्यायची मुभा आहे. म्हणजे "फक्त दर" हा एकच मार्ग नाही, हे सरकारनंही मान्य केलंय.

मोबाइलवर निविदा कशी तपासायची?

महाटेंडर्सवर चालू निविदा लॉगिन न करता बघता येतात. केंद्राच्या संस्थांसाठी केंद्रीय खरेदी पोर्टल आहे. महापारेषणसारख्या कंपन्या आपल्या स्वतःच्या ई-टेंडर पोर्टलवरही निविदा टाकतात. पीडीएफ उघडल्यावर हे पाच प्रश्न विचारा:

- पात्रता निकष कामाच्या मानानं योग्य आहेत का? अनुभवाची अट इतकी विचित्र आहे का, की एकच कंपनी बसेल?
- तांत्रिक तपशिलात एकाच ब्रँडचं नाव आहे का? असेल तर "किंवा समकक्ष" लिहिलंय का?
- बोली भरायला किती दिवस दिलेत?
- मूल्यमापनात लॉस धरलाय का?
- शुद्धिपत्रकं किती निघाली आणि शेवटच्या क्षणी कोणती अट बदलली?

एका प्रश्नाचं उत्तर वाईट आलं म्हणजे लगेच घोटाळा झाला असं समजू नका. विशिष्ट काम करणाऱ्या कंपन्या देशात मोजक्याच असू शकतात. एकच बोली आली तरी जाहिरात नीट केली असेल, अटी वाजवी असतील आणि दर योग्य असेल तर ती केंद्राच्या नियमांनुसार वैध ठरू शकते. पण दोन-तीन उत्तरं एकाच दिशेनं जात असतील तर प्रश्न विचारायला जागा आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एल-१ ला कंत्राट द्यावंच लागतं का?
नाही. दर अवास्तव जास्त असेल तर निविदा रद्द करून नव्यानं काढता येते. अवास्तव कमी असेल तर "एवढ्यात कसं करणार?" याचा हिशोब मागता येतो.

विक्रोळीच्या सबस्टेशनचे पैसे फक्त मुंबईकर भरतात का?
नाही. राज्यातल्या पारेषण यंत्रणेचा एकूण खर्च एकत्र करून वितरण कंपन्यांमध्ये त्यांच्या मागणीच्या प्रमाणात वाटला जातो. त्यामुळे नागपूर किंवा कोल्हापूरच्या ग्राहकाचाही त्यात वाटा असतो आणि तिकडच्या सबस्टेशनमध्ये मुंबईकराचा.

बिलात हा खर्च कुठे दिसतो?
वेगळा दिसत नाही. महावितरणच्या बिलातला "वहन आकार" वितरणाच्या जाळ्याचा असतो. पारेषणाचा खर्च वीजदर ठरवतानाच त्यात मिसळलेला असतो.

चिनी कंपन्या बोली लावू शकतात का?
केंद्रानं २३ जुलै २०२० ला काढलेल्या आदेशानुसार, भारताशी जमिनीची सीमा असलेल्या देशांतल्या कंपन्यांना सरकारी खरेदीत भाग घेण्याआधी नोंदणी करावी लागते.

आपण काही बोलू शकतो का?
हो. वीजदर ठरवण्याआधी आयोगाला प्रस्ताव जाहीर करून लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घ्याव्या लागतात. कंत्राट दिल्यानंतर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून तुलनात्मक तक्ता मागता येतो. कंपनीचं व्यापारी गुपित असलेला भाग नाकारला जाऊ शकतो, पण कोणाचा दर किती होता आणि कोण कशामुळे अपात्र ठरलं, हे विचारायला हरकत नाही.

पुढच्या वेळी सबस्टेशनच्या कंत्राटाची बातमी दिसली की रकमेवर थांबू नका. निविदा शोधा आणि मूल्यमापनाचं प्रकरण उघडा. कोण जिंकणार हे बोली उघडायच्या दिवशी कळतं, पण कशाला जिंकणं म्हणायचं हे त्या पानावर आधीच ठरलेलं असतं. हरकत घ्यायची असेल तर ती निविदापूर्व बैठकीच्या आधी घेतलेली कामाला येते. करारावर सह्या झाल्या की ३५ वर्षं फक्त बिल भरायचं उरतं.